चपला बाहेर काढाव्यात

मी पाहिलेला पहिला कॉम्प्युटर सेलूत आला तो जीपमधून, दोन गाद्यांच्या मधोमध बसून. दोन्ही बाजूंना एकेक माणूस त्याला कवळ घालून बसलेला, आणि पुढं सर ड्रायव्हरला सारखे सांगतायत, हळू, खड्डा आहे, हळू. परभणी ते सेलू रस्त्यावर त्या काळी खड्डा नसलेली जागा शोधावी लागायची, त्यामुळं जीप जवळजवळ चालतच आली म्हणायची. दारात काकूंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला. पायावर पाणी घालायला तांब्याही आणला होता, पण त्याला पाय सापडेनात, म्हणून खोक्यावरच घालायला निघाल्या. तेवढं सरांनी धावत येऊन वाचवलं.

सर ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवायचे आणि काकू म्हणजे त्यांची बायको. कॉम्प्युटर पुण्याच्या मेहुण्याचा होता. मेहुण्यानं नवा घेतला आणि जुना बहिणीकडं लोटला, पण ही गोष्ट गावात बोलायची नसते. गावात एवढंच कळलं की सरांच्या घरी कॉम्प्युटर आलाय, आणि महिनाभर सरांच्या घराला देवळाची कळा आली. लोक सहकुटुंब दर्शनाला यायचे. कापसाचे एक व्यापारी आले, हात जोडून म्हणाले, "सर, विचारा की जरा त्याला, औंदा कापसाला भाव काय फुटंल?" सरांनी सांगितलं, त्याला आपण जे सांगू तेवढंच कळतं. व्यापारी नाराज झाले. म्हणाले, "तेवढं तर आमच्या मुनीमालाबी कळतंय की."

मी तेव्हा बी.ए. होऊन घरी बसलेली. बसलेली म्हणजे लोकांच्या भाषेत. प्रत्यक्षात मी टायपिंगची सरकारी परीक्षा दिली होती, इंग्रजी आणि मराठी दोन्ही, आणि दोन्हीत पहिल्या झटक्यात पास झाले होते. वडील रेल्वेत गँगमन. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. त्यांची रिटायरमेंट तोंडावर आली होती, क्वार्टर सोडावं लागणार होतं, आणि माझ्यासाठी एक स्थळ पूर्णेहून सारखं निरोप पाठवत होतं. मला नोकरी लागली तर परभणीत खोली करून राहायचं, नाही लागली तर पूर्णेला जाऊन आयुष्यभर दुसऱ्याच्या चुलीवर चहा उकळायचा, असा सरळ हिशोब होता. परभणीच्या एका ऑफिसात ऑपरेटरची जागा निघणार असं कळलं होतं. टायपिंग हवं, कॉम्प्युटर कोर्सचं सर्टिफिकेट हवं, आणि मुलाखतीत मशीनवर बसवून परीक्षा घेणार. तेव्हा सरांनी घरातच क्लास काढलाय हे ऐकून दादांनी मला हाताला धरूनच नेलं.

दादांचा कॉम्प्युटरवर फार जीव. त्यांनी तो पाहिला नव्हता, पेपरात त्याबद्दल वाचलं होतं. अठ्ठ्याहत्तर साली गावाकडं चुलत्याचं घर जाळलं तेव्हापासून दादांचा गावावरचा विश्वास उडाला होता. विद्यापीठाच्या नामांतराच्या मोर्चात पायी हिंडले, लाठ्या खाल्ल्या, आणि पंधरा वर्षं होत आली तरी नाव काही बदललं नव्हतं. पण कॉम्प्युटर नवा. त्यानं अजून कुणाचं काही बिघडवलं नव्हतं. रस्ताभर मला सांगत होते, "त्याला जात कळत न्हाई, पोरी. त्याला फकस्त बटन कळतंय. ज्यानं दाबलं त्याचं काम करतंय."

सरांच्या दारावर पाटी होती: कृपया चपला बाहेर काढाव्यात. त्याखाली, नंतर सुचल्यासारखं, बारीक अक्षरात: व पाय धुवावेत. दादांनी चपला काढल्या, पाय धुतले, मला धुवायला लावले. मी विचारलं, हे कशाला? सर म्हणाले, "धूळ. धूळ हा कॉम्प्युटरचा शत्रू आहे." नळावर पाय धुऊन ओल्या पायांनी आम्ही अंगणातली सगळी माती चिकटवून घेतली आणि ती आत नेली. शत्रूला असं पाहुण्यासारखं आत नेलेलं बाकी कुणालाच खटकलं नाही.

कॉम्प्युटरची खोली देवघराला लागून. त्याच्यावर क्रोशाची खोळ, तीवर मोर विणलेला. खोळ काढताना सर आधी डोळे मिटायचे. एकच पंखा होता, तो मशीनकडं तोंड करून लावलेला. मे महिन्यात परभणी जिल्ह्यात जे ऊन असतं ते ज्यांनी सोसलंय त्यांनाच कळेल की अकरा-बारा माणसं घामानं निथळत बसलीयत आणि सगळा वारा एक डबा खातोय, हे दृश्य काय असतं. कुणी पंखा वळवायचा विचार जरी केला तरी सर म्हणायचे, "तो तापतो." आम्ही तापत नव्हतो, बहुतेक.

क्लासचे दोन भाग होते, थिअरी आणि प्रॅक्टिकल. थिअरी सर्वांना सारखी. कॉम्प्युटरला स्वतःची बुद्धी नसते, हे वाक्य सर रोज घोकून घ्यायचे, आणि एवढ्या लोकांना एका सुरात ते म्हणताना ऐकून नेमकं कुणाबद्दल चाललंय असा प्रश्न मला पडायचा. प्रॅक्टिकल मात्र पाळीपाळीनं. पहिली पाळी जिनिंगवाल्या शेठच्या मुलाची, कारण त्यांच्या जिनिंगवरून जाड वायर ओढून सरांनी लाईटची सोय केली होती. हा मुलगा एका बोटानं टाईप करायचा, तेही आधी बोट हवेत धरून, घार उंदीर शोधते तसा. "एन कुठाय, एन?" सगळा क्लास ओरडायचा, "खालच्या वळीत! खालच्या वळीत!" त्याला एन सापडला की टाळ्या. तोवर तो पुढचं अक्षर विसरलेला असायचा.

माझी पाळी आली की सर फार प्रेमानं बोलायचे. "तुझं टायपिंग झालंय ना? मग तुला काय अडचण आहे? ह्यांचं होऊ दे आधी. तू हुशार आहेस." पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. कुणी सरळ नकार दिला की त्याच्याशी आपण भांडू शकतो. पण तू हुशार आहेस म्हणून तुला हात लावू देत नाही, याला काय उत्तर द्यायचं? एकदा मी खुर्ची पुढं ओढलीच. काकू दारात उभ्या होत्या. त्या आत आल्या, त्यांनी खोळ उचलली आणि मशीनवर घातली. "गरम झालं असंल गं त्ये. निवू दे." मोर माझ्याकडं बघत बसला.

मला कळत होतं. शाळेत पाण्याच्या माठाजवळ मला कळलं होतं, तसंच इथंही कळत होतं. फक्त माठाला निदान झाकण पितळी होतं, लोकरीचं नव्हतं. घरी येऊन मी दादांना म्हणाले, त्याला जात कळत नसंल, पण त्याच्या खोळीला कळती. दादा म्हणाले, "तू उगं वाकडं नको बघू. शिकून घे अन् नीघ."

मग मी शिकले कशी? बघून. शेठचा मुलगा एन शोधत असताना मला पडद्यावरचं सगळं वाचायला भरपूर वेळ मिळायचा. जेवढं दिसायचं ते मी संध्याकाळी टायपिंग इन्स्टिट्यूटच्या मोडक्या टाईपरायटरवर बडवायचे. टाईपरायटरला एंटर नसतं, म्हणून एंटर म्हणून मी टेबलाच्या कडेवर करंगळी मारायचे. इन्स्टिट्यूटच्या मॅडम म्हणायच्या, "हिला काय झटका येतो की काय मधी मधी?"

पावसाळ्यात सरांना नवीन शोध लागला: पत्रिका. मेहुण्यानं पाठवलेल्या एका फ्लॉपीत जन्मवेळ टाकली की कुंडली छापून यायची. मग क्लास कसला आणि काय कसलं. पाथरी-मानवतहून लोक मोटारसायकलीवर पोरींच्या जन्मवेळा घेऊन यायला लागले. भटजीनं काढलेली कुंडली खोटी असू शकते, मशीनची कशी असेल? प्रिंटर किरकिरत कागद ओकायचा आणि लोक तो दोन्ही हातांनी, प्रसाद घेतल्यासारखा घ्यायचे. आम्ही ओसरीवर बसून थिअरी घोकायचो. एक गृहस्थ मात्र कागद बघून तसेच बसून राहिले. मुलीला मंगळ निघाला होता. बऱ्याच वेळानं हळूच म्हणाले, "सर, एवढं मशीन हाय तुमच्याकडं. त्यो मंगळ जरा बाजूला सरकवता येत नसंल का?" सर आधी रागावले. विज्ञान म्हणजे काय, यावर बोलले. मग दार लोटून घेतलं, आणि थोड्या वेळानं गृहस्थ हसत बाहेर आले. फिजिक्समध्ये मंगळ हलवायला बरंच बळ लागत असेल. सरांनी जन्मवेळ अर्ध्या तासानं मागं घेऊन ते काम भागवलं.

दसऱ्याला सरांनी क्लासच्या सगळ्यांना पूजेला बोलावलं. आमच्याकडं तो दिवस वेगळा. सकाळी विहारात वंदना, बायकांनी पांढऱ्या साड्या नेसायच्या, दीक्षेचा दिवस. मी तशीच, पांढऱ्या साडीत, संध्याकाळी सरांकडं गेले. काकूंनी वरपासून खालपर्यंत बघितलं. "सणाचं पांढरं?" मी म्हटलं, आमचा सण पांढराच असतो. "आत लय दाटी झालीय," त्या म्हणाल्या, "तू हितं बस." मी ओसरीवर बसले. दार उघडं होतं आणि आतलं सगळं दिसत होतं.

मशीनला झेंडूचा हार घातला होता. पडद्यावर कुंकवाचं स्वस्तिक. बटणांवर हळद अशी शिंपडली होती की जिथं एन सापडत नव्हता तिथं आता काहीच सापडणार नव्हतं. सीमोल्लंघन करून आलेले लोक आपट्याची पानं, म्हणजे सोनं, एकमेकांना देत होते. सर बैठकीत लोकांच्या गळ्यात पडत होते. आत काकू एकट्याच. त्यांनी हातात आपटा घेतला, मशीनला नमस्कार केला, आणि थोडा वेळ विचारात पडल्या. सोनं द्यायचं, पण द्यायचं कुठं? पडद्याला हात नाहीत. मग त्यांना ती फट दिसली, जिच्यात सर रोज फ्लॉपी सारायचे. घालायचं ते तिथंच घालतात, हे त्यांनी रोज पाहिलं होतं, तेव्हा तोंड तेच असणार. त्यांनी एक पान आत सारलं. बसलं छान. मग दुसरं. मग घरातल्या सगळ्यांच्या नावानं एकेक. शेवटचं बोटानं आत ढकललं, वरून चिमूटभर अक्षता, आणि पुन्हा नमस्कार. हसू दाबताना माझा जीव जायची वेळ आली. आज आठवलं तरी हसू येतं, आणि मग येत नाही.

दुसऱ्या दिवशी मशीन उठेना. त्याला जाग यायची तीच मुळी फ्लॉपी वाचून, आणि फ्लॉपी आत नीट जाईचना. सरांनी बटण दाबून पाहिलं, वायर हलवून पाहिली, काकूंनी उदबत्ती लावून पाहिली. बाहेर पत्रिकेवाले बसलेले. आणि क्लासला आम्ही जमलो तेव्हा काकू सरळ म्हणाल्या, "हिनं हात लावला आसंल. मागं खुर्ची वढत नव्हती का?"

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. इतक्या महिन्यांत त्या खोलीत ज्या एकाच माणसानं मशीनला बोट लावलं नव्हतं, तो माणूस मी होते. हात न लावता मी मशीन बंद पाडू शकत असेन तर हात लावला असता तर काय काय केलं असतं, याचा कुणी विचारच केला नाही. मी सांगितलं, सर, फटीत आपट्याची पानं घातलीत, मी बघितलंय, काढून बघा. सर म्हणाले, "काहीतरीच काय बोलतेस. काकू असं कशाला करतील? सुशिक्षित घर आहे हे." मग आवाज खाली आणून, थिअरी शिकवल्यासारखे म्हणाले, "मी तुला दोष देत नाही. पण काही दिवस तू येऊ नकोस."

आणि येऊ नकोस म्हणजे सर्टिफिकेट नाही. सर्टिफिकेट नाही म्हणजे मुलाखत नाही. म्हणजे पूर्णेचं स्थळ. मी ओसरीवरून उठलेच नाही, तिथंच बसून राहिले. कुणीतरी स्टेशनावर जाऊन दादांना सांगितलं, तसे ते ड्युटीच्या कपड्यांवरच आले. मला वाटलं, आता दादा बोलतील. मोर्चात लाठ्या खाल्लेला माणूस. दादांनी दारात चपला काढल्या, नळावर पाय धुतले, आणि सरांपुढं हात जोडले. "चुकलं असंल लेकराचं. काय खर्च येतोय त्यो आमी भरतो. पन तिचं सर्टिफिकीट अडवू नका." मी ओरडले, दादा, मी हात लावला नाही! दादा माझ्याकडं न बघता म्हणाले, "गप बस."

मला त्या दिवशी सरांचा आला नाही तेवढा राग दादांचा आला. आजही थोडा शिल्लक आहे.

तिसऱ्या दिवशी नांदेडहून मेकॅनिक आला. मला बोलावलं नव्हतं, पण मी गेले. पाय धुऊन गेले. मेकॅनिकनं पेटी उघडली, आत चिमटा घातला आणि बाहेर काढलं एक पान. मग दुसरं. ओळीनं टेबलावर मांडत गेला. वाळून वळकटी झालेली पानं, हळद, तांदूळ. त्यानं विचारलं, "साहेब, ह्याला चारा कुणी घातला?" शेठचा मुलगा हसला आणि काकूंना पाहून त्यानं तोंडावर हात धरला. काकू म्हणाल्या, "दसऱ्याचं सोनं हाय त्ये. सोन्यानं कसं बिघडंल? आधीच बिघडलं असंल." सर खिडकीबाहेर बघत होते. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, एक शेळी होती.

मला वाटलं होतं कुणीतरी म्हणेल. चुकलं, असा एक शब्द. मी बराच वेळ उभी राहिले, त्यांना वेळ मिळावा म्हणून. मग सर आत गेले आणि सर्टिफिकेट घेऊन आले. तयारच होतं. थिअरी: उत्तम. प्रॅक्टिकल: अत्युत्तम. सही, शिक्का. "अभिनंदन," म्हणाले. ज्या मशीनला मी बोट लावलं नव्हतं त्याच्यावर मी जिल्ह्यात पहिली आले असते, मागितलं असतं तर. दिवाळीनंतर क्लास बंदच झाला. पत्रिका चालू राहिल्या.

मुलाखतीला दादा बरोबर आले. परभणीच्या ऑफिसात दुसऱ्या मजल्यावर, एका खोलीत, तसलंच मशीन. मी दारात थांबले, चपला काढल्या, आणि नळ कुठं दिसतोय का म्हणून इकडंतिकडं बघायला लागले. आत साहेब बसले होते. बूट घातलेले, एक पाय त्या मशीनच्या पेटीवर ठेवलेला. पेटीच्या डोक्यावर अर्धा चहाचा ग्लास. धूळ इतकी की कुणीतरी बोटानं बेरीज मांडून ठेवली होती. साहेबांनी मान वर केली. "काय शोधताय?" मी म्हटलं, पाय धुवायचे होते. साहेब माझ्या पायांकडं बघून म्हणाले, "कशाला? पायानं टाईप करता का?"

मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. सगळा वेळ मी सरांना हसत होते, काकूंना हसत होते, मोराला हसत होते, आणि त्यांनी शिकवलेली एकमेव गोष्ट मी अशी चोख शिकले होते. मी मागं वळले. दादा व्हरांड्यात उभे होते आणि माझ्या चपला त्यांनी हातात धरल्या होत्या, कुणी नेऊ नयेत म्हणून. मी म्हटलं, द्या इकडं. चपला घातल्या, आत गेले, खुर्ची ओढली आणि बसले. कुणी खोळ घातली नाही. साहेबांनी एक पत्र पुढं टाकलं, ते मी टाईप केलं. एंटर दाबायची वेळ आली तेव्हा करंगळी आधी टेबलाच्या कडेवरच गेली, मग जागेवर आली. बटण मऊ होतं. मला वाटलं होतं तेवढा जोर लागत नव्हता. साहेब म्हणाले, "हळू, बाई, हळू. सरकारी आहे." नोकरी मला लागली.

पत्र छापून येत होतं तेव्हा साहेबांनीच दादांना हाक मारली, या की आत, लेकीचं काम बघा. दादा उंबऱ्याशी आले आणि थांबले. आपल्याही चपला त्यांनी कधीच काढून ठेवल्या होत्या. त्याला जात कळत नाही, हे मला सांगणारे दादा. पडद्यावरची हिरवी अक्षरं त्यांनी लांबूनच पाहिली, मान वाकडी करून, डोळे बारीक करून.

मी म्हटलं, "दादा, आत या. चपला घालून या."

"राहू दे," दादा म्हणाले. "उगं बिघडंल."

"त्याला आपटा त्यांनी खाऊ घातला होता," मी म्हटलं, "आपण नाही."

दादांनी साहेबांकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि ते आत आले. अनवाणीच.